हेडर बसवलेल्या गाडीचे स्पार्क प्लग

प्रश्न : पेट्रोल गाडीला बाहेरून घेतलेले हेडर बसवल्यापासून प्लगपर्यंत पाना पोहोचत नाही आणि वायरचे रबरी बूट करपतात. प्लग कसे बदलावेत? (एक वाचक, साखळी)

उत्तर : हेडर म्हणजे मूळच्या ओतीव लोखंडी मॅनिफोल्डऐवजी प्रत्येक सिलिंडरला जोडलेल्या स्वतंत्र, पातळ पोलादी नळ्या; त्या आसपास अधिक उष्णता फेकतात व कित्येकदा प्लगच्या तोंडाशीच वळतात, म्हणून बूट करपतात आणि सरळ पान्याला वाट उरत नाही. तेथे आत रबर असलेला प्लग सॉकेट, आखूड एक्स्टेन्शन व युनिव्हर्सल जॉइंट वापरावा; मात्र जोर तिरका पडल्यास प्लगचा पांढरा इन्सुलेटर तडकतो. इंजिन पूर्ण थंड होऊ देणे सर्वांत महत्त्वाचे, कारण तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे प्लगबरोबर ओरबाडून निघू शकतात, आणि ती दुरुस्ती प्लगच्या किमतीच्या कित्येक पट महाग पडते. तुमच्याकडच्या वाळवंटी नदीकाठच्या पावसाळी दमटपणात प्लगच्या खळग्यात गंज व चिखल साचतो, तो प्लग सैल करण्याआधी दाबाच्या हवेने उडवावा. नवा प्लग हातानेच फिरवून टेकवावा. उत्पादकाने दिलेला टॉर्क उपलब्ध नसल्यास वॉशरचा नवा प्लग त्यापुढे साधारण अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, तर निमुळत्या बैठकीचा केवळ एक-सोळांश फेरा आवळावा. बुटांवर उष्णतारोधक आवरण चढवून वायर नळ्यांपासून दूर बांधाव्यात.