घराचा उंबरठा आणि सरकारचा हुकूम

पाठ : अनुवाद 24:10–13, प्रेषितांची कृत्ये 16:35–40.

मोशेच्या नियमशास्त्रातील हा लहानसा उतारा केवळ सावकारीविषयी आहे असे समजून पुष्कळ वाचक तो घाईने ओलांडतात. आम्ही आज त्याच्यापाशी थोडे थांबू इच्छितो. शेजाऱ्यास उसने दिले असता त्याजकडून गहाण घेण्याची मोकळीक देवाने दिली. परंतु ते आणावयास धनकोने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, व ऋणकोने स्वतः ती वस्तू बाहेर आणून द्यावी, असे ठरविले. येथे देणे खोटे नाही, मागणारा लबाड नाही, मुदतही कदाचित टळून गेली असेल. तरी त्याचे पाऊल उंबरठ्याच्या आत पडता कामा नये. असे का बरे? आत शिरलेला मनुष्य मागितलेली एकच वस्तू पाहत नाही. चूल पेटली आहे की नाही, कणगीत दाणे किती, अंथरूण कसले, हे सर्व तो पाहतो, आणि संध्याकाळी पारावर त्याची गोष्ट होते. पुढे असेही सांगितले आहे की, गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असल्यास ते सूर्यास्ताच्या सुमारास परत करावे, म्हणजे तो ते घेऊन निजेल. गरिबाचे दार व गरिबाची झोप ह्या दोहोंची काळजी परमेश्वराने एकाच ठिकाणी वाहिली आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता कोणी म्हणेल, सावकाराची गोष्ट निराळी. अधिकारी तर देवाने नेमलेले आहेत, असे रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट आहे. मग पंचायतीचा किंवा पोलीस ठाण्याचा मनुष्य दारी आला असता त्यास थांबा म्हणणे पाप नव्हे काय? हा प्रश्न मंडळ्यांतून वारंवार निघतो, आणि तो प्रामाणिक आहे. आमचे उत्तर असे की, जो अधिकार दिलेला आहे, तो मोजून दिलेला आहे. नेमणारा वर आहे म्हणूनच नेमलेल्यास मर्यादा आहे. सावकाराचा हक्क खरा असूनही उंबरठ्याशी थांबतो; शिपायाचाही कोठे तरी थांबला पाहिजे.

ह्याविषयी आपल्याच देशातील एक खटला जाणून घेण्यासारखा आहे. उत्तर प्रदेशात खरकसिंग नावाच्या इसमावर 1941 साली दरोड्याचा आळ आला, व पुरावा नसल्यामुळे त्यास सोडून देण्यात आले. तरी पोलिसांनी त्याच्या नावाने पाळतीचे दफ्तर उघडले. त्याची तक्रार अशी होती की, गावचा चौकीदार व शिपाई रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावतात, ओरडतात, घरात शिरतात, झोपेतून उठवितात. परगावी जावयाचे झाल्यास तेही आधी कळवावे लागते. रात्रीच्या घरभेटींची मुभा पोलिसांच्या छापील नियमांतच होती! त्याने लाठी उचलली नाही; अर्ज लिहून सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. 18 डिसेंबर 1962 रोजी निकाल लागला. रात्रीच्या घरभेटी राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाविरुद्ध म्हणून रद्द झाल्या. दारावरील थाप व झोपमोड हीदेखील मनुष्याच्या स्वातंत्र्यावर घाला घालतात, असे न्यायाधीशांनी मानले. बाकीची पाळत मात्र बहुमताने कायम राहिली, कारण खासगीपणाचा हक्क घटनेत दिलेला नाही असे त्यांचे म्हणणे पडले. न्यायमूर्ती सुब्बाराव ह्यांचे मत त्याहून निराळे होते. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, व जुन्या निकालातील तेवढा भाग मोडून काढला. सुमारे 55 वर्षे लागली. खरकसिंग साधुपुरुष होता म्हणून त्याचे ऐकले गेले, असे नव्हे; संशयिताच्याही घरास दार असते.

आपल्या प्रांतात ह्याच वादाने पूर्वी रक्त सांडले आहे. 1897 साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हा रँडसाहेबाच्या कमिटीने घरे तपासण्यास गोरे शिपाई पाठविले. रोगी वेगळे करणे व घरे स्वच्छ करणे, हा हेतू वाईट नव्हता. परंतु शिपाई माजघरात व देवघरात शिरू लागले, स्त्रियांच्या मानाची पर्वा होत नाही अशा तक्रारी उठल्या, आणि शहर संतापले. 22 जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट ह्यांजवर गोळ्या झाडल्या. दोघेही प्राणास मुकले. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या दुर्दशेविषयी आपल्या नावानिशी वर्तमानपत्रात लिहिले. पिस्तूल लपवावे लागते. रमाबाईंना आपले नावही लपवावेसे वाटले नाही. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी विलायतेत असता, आलेल्या पत्रांवर विसंबून, शिपायांवर भयंकर आरोप केले. स्वदेशी परतल्यावर ते सिद्ध करता येईनात, तेव्हा त्यांनी उघड क्षमा मागितली. तक्रार करणाऱ्याने नववी आज्ञा घरी ठेवून जाऊ नये.

फिलिप्पैच्या तुरुंगातील पौलाचे वर्तन ह्या दृष्टीने पाहावे. भूकंपाने दारे उघडली असता तो पळाला नाही. पळता तर बंदिशाळेचा नायक जिवास मुकला असता. सकाळी अधिकाऱ्यांनी चोपदारांबरोबर गुपचूप सुटकेचा निरोप पाठविला. तेव्हा मात्र पौल जागचा हलेना. चौकशीवाचून, चारचौघांत, रोमी माणसांस फटके मारले. आता चोरून बाहेर घालविता काय? त्यांनी स्वतः यावे! अधिकारी भ्याले, आले, विनवणी करू लागले. आमच्या मते पौलाचा हा हट्ट स्वतःच्या मानाकरिता नव्हता. तो तर शहर सोडून जाणार होता. मागे लुदियेच्या घरी नवी मंडळी राहणार होती, आणि तिच्या दाराशी उद्या हेच चोपदार येणार होते. विनवणी होताच तो रागही धरीत नाही. बंधुजनांस भेटून, त्यांस बोध करून निघून जातो.

तेव्हा दारी कोणी आला असता त्यास नमस्कार करावा, नाव व हुद्दा विचारावा, लेखी हुकूम असल्यास वाचून पाहावा, वाचता येत नसल्यास शेजाऱ्याकडून वाचवावा. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे पोलिसांनी घराची झडती घेताना त्या भागातील दोन प्रतिष्ठित रहिवासी साक्षीस ठेवावे लागतात, घेतलेल्या वस्तूंची यादी करावी लागते, व तिची प्रत घरवाल्यास द्यावी लागते. ती मागून घेण्यात उद्धटपणा नाही. जे मागणे योग्य आहे ते, अनुवादातील ऋणकोप्रमाणे, आपण होऊन बाहेर आणून द्यावे. खानेसुमारीवाल्यास खरी माहिती द्यावी. मरिया व योसेफ नावनिशीकरिता बेथलेहेमास गेलीच की. आणि घरात कोणी बायकोस किंवा मुलास मारीत असता उंबरठ्याचा आधार घेऊन शिपायास अडवू नये. ऋणकोच्या पांघरुणासाठी दिलेली आज्ञा मारणाऱ्याच्या हातासाठी दिलेली नाही.

आमच्या मंडळीतील पंचांनाही एक शब्द : कोणाच्या घरी भांडण झाल्याचे कळताच न विचारता आत जाऊन बसणे व मडक्यांची झाकणे उघडून पाहणे, ह्यास पाळकीय भेट म्हणत नाहीत.

वर्गात विचारावयाचे प्रश्न : सावकाराचे मागणे खरे असता त्यास बाहेर का उभे केले? पौलाने उघडे दार सोडून अधिकाऱ्यांची वाट का पाहिली? आपल्या गावात रात्री दार वाजले, तर प्रथम कोणास हाक माराल?

पुढील आठवड्याचा पाठ : नाबोथाचा द्राक्षमळा, 1 राजे 21.