मीठसुद्धा नासतं!

"तुमचं पाणीच खराब आहे, सार." समुद्री मासे आणि प्रवाळाच्या टाकीसाठी मी ज्याच्याकडून मीठ घ्यायचो, त्या दुकानदाराने मला चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं. तंजावरचं बोअरचं पाणी जड आहे हे मला ठाऊक आहे, म्हणूनच तर मी आरओचं पाणी वापरतो. तरी मीठ घातलं की पिंप दुधासारखं पांढरं व्हायचं. दुसऱ्या दिवशी निवळायचं, पण तळाला नि पंपाला नखाने खरवडावी लागतील अशी पुटं चढलेली असायची.

ऐन पावसात पुन्हा त्याच्याकडे गेलो, तेव्हा मागच्या खोलीचं दार उघडं होतं. ओल्या भिंतीला टेकलेलं उघडं पोतं, आणि नोकर हातोडीने ढेकळं फोडून किलो-किलोच्या पिशव्या भरतोय! दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "मीठ कधी नासतं का?"

नासतं. समुद्री माशांच्या मिठात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार असतात. ते हवेतली ओल ओढतात. ओल लागली की कॅल्शियम आणि बायकार्बोनेट पोत्यातच भिडतात, त्याचा चुना होतो. तो मग विरघळत नाही. वरचं पाणी निवळलं तरी त्यातली अल्कलिनिटी, म्हणजे बायकार्बोनेटचा साठा, गेलेली असते, प्रवाळ उपाशीच. त्याच आरओच्या पाण्यात सीलबंद बादलीतलं मीठ घातलं, पाणी निवळशंख! दोष कुणाचा, हे आणखी सांगायला नको.

1930 साली मिठाच्या सत्याग्रहात राजाजींनी जिथे मीठ उचललं, त्या वेदारण्यमचे मिठागरवाले पावसाआधी राशी झावळ्यांनी शाकारतात. माशांच्या दुकानदाराला एवढंही कळू नये?

सुटं मीठ घेऊ नका. बादली उघडली की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, भिंतीपासून दूर ठेवा, ओला हात घालू नका. घटक वरखाली होतात, म्हणून काढण्याआधी डबा लोळवून घ्या.

आधी पाणी, मग मीठ. उलट कधीच नाही. पंप चालू ठेवून मूठमूठ घाला, लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम. गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी नको, त्यात चुना लवकर बसतो. घनता 1.025 भरली आणि पाण्यातून आरपार दिसलं की मगच माशांच्या टाकीत ओता. स्वयंपाकघरातलं आयोडीनचं मीठ इथे चालत नाही.

आणि बिल घ्या. मला पैसे परत मिळाले नाहीत, ते बिल नाही या एकाच सबबीवर. ढेकळं झालेली पिशवी कुणी पुढे केली, तर ती तिथेच ठेवून निघा.