बिबळ्यावर काम करणाऱ्या भाचीला

एम. फार्म.च्या प्रबंधासाठी तू बिबळा घेतलास, हे ऐकून फार बरं वाटलं. मधुमेहासाठी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरलं जाणारं हे लाकूड नीट तपासलं जायलाच हवं. माझी सगळी नोकरी वनौषधींच्या प्रयोगशाळेत गेली, म्हणून मावशीचं थोडं ऐक.

सुरुवात लाकडापासून कर. बिबळा, बिवळा, बीजक, विजयसार ही सगळी टेरोकार्पस मार्सुपियमचीच नावं. 'असाणा' म्हणून मागशील, तर काही भागांत दुसऱ्याच झाडाचं लाकूड हातात पडेल. नुसत्या भुशावर विश्वास ठेवू नकोस. ज्या झाडाचं लाकूड, त्याच झाडाची पानं आणि ती गोल, पंखासारख्या कडेची शेंग दाबून वाळव, जाणकाराकडून ओळख पटवून घे आणि हर्बेरियमचा क्रमांक प्रबंधात लिही. मात्र त्यासाठी उभं झाड तोडायला लावू नकोस गं, बिबळा आधीच विरळ होत चालला आहे. वनखात्याच्या परवानगीनं तोडलेल्या झाडाचं लाकूड मिळतं, त्याची वाट बघ. घ्यायचा तो आतला पिवळसर तपकिरी गाभा. सालीला घाव बसला की झिरपतो तो लाल डिंक वेगळा. त्यात टॅनिन भरपूर असतं, आणि तो मिसळला तर अँटिऑक्सिडंटचा आकडा उगाच फुगतो.

अँटिऑक्सिडंट मोजायला डीपीपीएचची चाचणी सोपी म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. जांभळा रंग उतरून पिवळा होतो, 517 नॅनोमीटरला वाचायचं, झालं. पण तुझा अर्क मुळातच रंगीत आहे. प्रत्येक मात्रेला डीपीपीएच न घातलेला, नुसत्या अर्काचा ब्लँक लाव आणि त्याचं वाचन वजा कर. द्रावण रोज ताजं कर, अंधारात ठेव, आणि शेजारी ॲस्कॉर्बिक आम्ल दर वेळी चालव. या चाचणीवरून एवढंच कळतं की परीक्षानळीत अर्क इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देतो. रक्तात त्यातलं किती पोचतं, ते ती सांगत नाही.

खरी काळजी ग्लायकेशनच्या चाचणीत. अल्ब्युमिन आणि ग्लुकोज 37 अंशांवर काही आठवडे ठेवायचं, साखर प्रथिनाला चिकटत जाते, पुढे त्यातून चमकणारी संयुगं तयार होतात. ती 370 नॅनोमीटरच्या प्रकाशात उजळवून 440 च्या आसपास मोजतात. अर्कानं चमक घटली की लोक आनंदानं लिहून टाकतात, ग्लायकेशन थांबलं. इथेच थांब आणि विचार कर. बिबळ्याचं लाकूड पाण्यात भिजवलं की पाण्यावर निळसर झाक दिसते, कारण त्यात स्वतःच चमकणारे घटक असतात. शिवाय त्यातली पॉलिफेनॉलं तोच प्रकाश शोषून घेतात, चमक दाबतात. म्हणजे आकडा दोन्ही बाजूंनी फसवू शकतो. उपाय साधा आहे. अर्काशिवाय अल्ब्युमिन पूर्ण ग्लायकेट होऊ दे, अगदी शेवटी त्यात अर्क घाल आणि लगेच मोज. त्या क्षणी चमक पडली, तर तो ग्लायकेशनचा अडथळा नव्हे, कारण ग्लायकेशन आधीच होऊन गेलं होतं. हा एक कंट्रोल नसलेला निबंध मी कधी खरा धरला नाही. शक्य असेल तर कार्बॉक्सिमिथाइल लायसिन वेगळ्या पद्धतीनंही मोज.

इतके आठवडे जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम ॲझाइड घालतात. ते जहाल विष आहे. हातमोजे घाल, आणि उरलेलं बेसिनमध्ये कधीही ओतू नकोस, कारण शिसं आणि तांब्याच्या नळांत त्याचे स्फोटक क्षार बनतात.

तुलनेला अमिनोग्वानिडिन वापरशील. प्रयोगशाळेत ते उत्तम चालतं, पण माणसांवरच्या चाचण्यांत सुरक्षिततेच्या प्रश्नामुळे ते मागे पडलं. 'परीक्षानळीत अमिनोग्वानिडिनइतकं प्रभावी' असं वाक्य लिहिण्याआधी हे आठव.

पुढे उंदरांवर गेलीस तर आणखी एक, एचबीए1सीबद्दल. इराणी डॉक्टर सॅम्युअल रहबर यांच्या 1960 च्या दशकाअखेरच्या कामापासून मधुमेह्यांत एचबीए1सी, म्हणजे साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन, वाढलेलं असतं हे आपल्याला कळलं. माणसाच्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हणून माणसात एचबीए1सी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब देतं. बिबळ्यानं रक्तातली साखरच उतरवली, तर एचबीए1सी आपोआप उतरेल. त्यावरून अर्क ग्लायकेशन थेट रोखतो असं ठरत नाही. नेहमीच्या औषधानं साखर तितकीच उतरवलेला एक गट ठेव. मग जो फरक उरेल, तो अर्काचा.

साखर उतरते का, यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या गटाचा 1998 चा अभ्यास जरूर वाच. नव्यानं मधुमेह निघालेल्या 97 जणांना विजयसार दिलं, 12 आठवड्यांत 69 टक्क्यांची साखर आटोक्यात आली. आशादायक आहे, यात शंका नाही. पण ती खुली चाचणी होती, हेही त्याच परिच्छेदात लिही.

आणि तू बिबळ्यावर काम करतेस हे कळलं की घरचे, शेजारचे पाणी ठेवून प्यायच्या बिबळ्याच्या लाकडी पेल्याबद्दल विचारतीलच. गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा, दोन्ही मिळून साखर फार खाली जाऊ शकते, असं प्रत्येकाला सांग. पेल्यातून रोज किती अर्क उतरतो ते कुणी मोजत नाही, आणि जसजसा पेला जुना होतो तसतसा पाण्याचा रंग फिका पडतो. रंग येईनासा झाला की पेला बदला म्हणावं. इन्सुलिन किंवा गोळी मात्र त्याच्या भरवशावर कुणीही बंद करायची नाही.