आधी कागद, मग पैसा

हे बघ बाळा, उभी नोकरी मी बँकेच्या वसुली खात्यात काढली, म्हणून टेबलापलीकडचं सांगते.

क्रेडिट कार्डाची बाकी थकली म्हणून उठल्यासुटल्या सेटलमेंट मागू नकोस. लाखाची थकबाकी आणि महिना साडेतीन टक्के दर धर. ३,५०० रुपये व्याज, वर १८ टक्के जीएसटीचे ६३०. नुसतं मिनिमम ड्यू भरत राहिलास तर मुद्दल जागचं हलत नाही. म्हणून हप्ता झेपत असेल तर आधी थकबाकीचे ईएमआय करून माग, दर बराच उतरतो. सेटलमेंट केलंस की सिबिलमध्ये ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ लागतं, आणि उद्या घराच्या कर्जाला गेलास की मॅनेजर नेमकं तिथेच बोट ठेवतो.

झेपतच नसेल तर मात्र बोलणी कर. ९० दिवस थकलं की खातं एनपीए होतं, मग बँकही तडजोडीला तयार होते. मार्च जवळ आला की सूर आणखी मऊ होतो. पण त्यासाठी मुद्दाम थकवू नकोस, व्याज आणि लेट फी काही थांबत नाहीत.

बोलणी मेलवर कर. नोकरी गेल्याचं पत्र, दवाखान्याची बिलं, जे खरं असेल ते जोड. हातात रोख किती ते आधी ठरव आणि पहिला आकडा त्याहून खाली सांग. एकरकमी देणाऱ्याला सूट जास्त मिळते. हप्ते बांधून घेतलेस आणि एक जरी चुकला, तर सवलत रद्द होऊन सगळी बाकी पुन्हा अंगावर येऊ शकते.

“आज संध्याकाळपर्यंत भरा, उद्या ऑफर नाही,” असं एजंट म्हणेल. म्हणू दे. बँकेच्या लेटरहेडवर कार्डाचे शेवटचे चार अंक, रक्कम, तारीख आणि ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द आल्याशिवाय दमडी सोडायची नाही. पैसे थेट कार्डाच्या खात्यात भर, एजंटच्या यूपीआयवर नाही. पुढच्या तारखेचे चेक जपून दे, बाउन्स झाला तर कलम १३८ खाली कोर्टाची पायरी चढावी लागते.

सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. कुणी दमदाटी केली तर बँकेकडे लेखी तक्रार कर. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी नाही. लोकअदालतीची नोटीस आली तर जरूर जा, पण वाचल्याशिवाय सही करू नकोस. तिथल्या तडजोडीवर अपील नसतं.

पैसे भरलेस की नो ड्यूजचं पत्र घे, महिन्या-दीड महिन्याने सिबिलचा रिपोर्ट बघ, आणि ते पत्र कधीच फेकू नकोस. बँका जुनी बाकी दुसऱ्या कंपनीला विकतात. चार वर्षांनी नवा एजंट दारात आला, तर वाद घालायचा नाही, त्या पत्राची झेरॉक्स हातावर ठेवायची.