नवजाताच्या रक्तबिंबिका आणि मातेची जनुके

नवजात अर्भकाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे दीड लाखाहून कमी रक्तबिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, असल्यास ती न्यूनता मानली जाते. मातेच्या प्रतिपिंडांनी गर्भाच्या रक्तबिंबिका नष्ट केल्या, तर मेंदूत रक्तस्राव होऊन बालक दगावण्याचा वा कायमचे अपंग होण्याचा धोका असतो. विद्यार्थी या विकाराची गल्लत ऱ्हीसस विसंगतीशी करतात. साम्य आहे, पण येथे पहिल्याच गर्भालाही बाधा होऊ शकते, हा भेद परीक्षेपुरताच महत्त्वाचा नाही.

मुळाशी असतो एका प्रथिनातील अवघा एक बदल. ३३व्या स्थानी ल्यूसिन असल्यास एचपीए-१ए हा प्रतिजन तयार होतो; प्रोलिन असल्यास एचपीए-१बी. युरोपीय वंशाच्या सुमारे २ टक्के स्त्रियांमध्ये एचपीए-१ए नसतो. पित्याकडून तो गर्भाला मिळाला, तर मातेचे शरीर त्यास परका समजू शकते. मात्र अशा स्त्रियांपैकी सुमारे १० टक्क्यांमध्येच प्रतिपिंडे तयार होतात. असे का? उत्तर दुसऱ्या जनुकात आहे. एचएलए-डीआरबी३*०१:०१ हा जनुकप्रकार तो परका तुकडा प्रतिकारपेशींपुढे विशेष परिणामकारकपणे मांडतो. प्रतिपिंडे झालेल्या ९० टक्क्यांहून अधिक मातांमध्ये तो आढळतो; सर्वसाधारण युरोपीय लोकसंख्येत मात्र जेमतेम तीन दशांश व्यक्तींमध्ये.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे हिशेब मांडावासा वाटतो. एक लाख गर्भवतींमध्ये एचपीए-१ए नसलेल्या साधारण २,०००. त्यांत दुसरा जनुकप्रकार असलेल्या सुमारे ६००. प्रतिपिंडे होणाऱ्या अंदाजे २०० मातांपैकी बहुतेक या ६०० मध्येच सापडतील. उरलेल्या १,४०० जणींना वारंवार तपासण्याचा खर्च आणि, त्याहून मोठी, धास्ती टळते. परंतु ६०० पैकी दोन तृतीयांश स्त्रियांमध्ये प्रतिपिंडे होतच नाहीत. म्हणजे ही चाचणी भीती दूर करण्यास उत्तम, भाकितास दुबळी.

नॉर्वेत एक लाखाहून अधिक गर्भवतींची चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तो साचा जसाच्या तसा अन्यत्र चालणार नाही. जपानमध्ये एचपीए-१ए नसलेल्या स्त्रिया अत्यंत विरळ असून तेथे एचपीए-४बी हा प्रतिजन अधिक महत्त्वाचा ठरतो. भारतासारख्या बहुवंशीय देशात प्रदेशवार जनुकीय पाहणी आधी हवी, चाचणीची खरेदी नंतर.

खरी अडचण पुढेच आहे. ऱ्हीससबाबत १९६८ पासून अँटी-डी हे प्रतिबंधक इंजेक्शन उपलब्ध आहे; येथे तसे इंजेक्शन अद्याप वापरात आलेले नाही. मातेला दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन दात्यांच्या रक्तद्रवापासून बनते आणि महाग असते. बाधित बालकासाठी मात्र एचपीए-१ए नसलेल्या दात्याच्या रक्तबिंबिका उपयुक्त ठरतात. रक्तपेढ्यांनी नियमित दात्यांपैकी अशांची नोंद ठेवणे, हे सार्वत्रिक चाचणीपेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे.