धुण्याचा टेम्पो

दसरा जवळ आला की आपल्या शहापूर-मुरबाड भागात गाड्या धुण्याची एकच धांदल उडते. खंडेनवमीला ट्रॅक्टर, टेम्पो, मोटारसायकल सगळ्यांना पूजा लागते, अन् पूजेआधी अंघोळ. मग कोणी ओढ्यात ट्रॅक्टर घालतो, कोणी विहिरीवर बादल्या ओढतो. लावणीच्या वेळी चिखलणी केलेली असते. तो चिखल चाकांच्या आत वाळून दगडासारखा झालेला असतो. बादलीच्या पाण्याने तो काही निघत नाही.

म्हणून आता काही तरुण मंडळी टेम्पोतच पाण्याची टाकी, पंप अन् नळी बसवून गावोगाव फिरू लागली आहेत. गाडी त्यांच्याकडे न्यायची नाही. तेच आपल्या अंगणात येतात. धंदा चांगला आहे. पण टेम्पो नीट सजवला नाही तर पैसा बुडतो, अन् कधी कधी जिवावरही बेतते. तेव्हा टेम्पो कसा सजवावा, ते आपण आज पाहू.

आधी हे यंत्र काय करते ते समजून घेऊ. नळाला लावलेल्या पाइपच्या तोंडावर बोट दाबले की पाणी लांब उडते. पाणी तेवढेच, पण वाट अरुंद झाली म्हणून जोर वाढला. प्रेशर पंप हेच करतो, फक्त फार मोठ्या जोराने. हा जोर 'बार' या मापाने मोजतात. ट्रकच्या टायरात हवेचा दाब साधारण ८ बार असतो. धंद्याच्या पंपाचा दाब १५० बार असतो. म्हणजे नखाएवढ्या जागेवर सुमारे दीडशे किलोचा भार! आणि पाणी लागते मिनिटाला अवघे १० लिटर. उघड्या पाइपने याच्या दुप्पट-तिप्पट सहज वाहून जाते.

एवढ्या पंपाला सुमारे ४ अश्वशक्तीची विजेची मोटर लागेल. घरच्या एका फेजच्या विजेवर ती नीट चालायची नाही, अन् वीज तरी दिवसभर कुठे असते? म्हणून फिरत्या धंद्याला पेट्रोलचे इंजिन बरे. ते ६ ते ७ अश्वशक्तीचे घ्यावे, म्हणजे त्याच्यावर ताण येत नाही.

आता टेम्पोकडे वळू. इथेच बहुतेक जण चुकतात.

एक तरुण मिस्त्रीकडे गेला. टेम्पो लहान होता, बंद बॉडीचा.

तो म्हणाला, "मिस्त्रीकाका, हौद्यात ५०० लिटरची टाकी बसवा."

मिस्त्री म्हणाले, "बसवतो की. पण आर.सी. बुक आणलंस का?"

"आणलंय. पण त्याचं काय काम?"

"तुला वाचता येतं ना आता? मग वाच. रिकाम्या गाडीचं वजन किती अन् भरल्या गाडीचं किती, ते सांग मला."

तरुणाने बोट ठेवून वाचले. भरल्या गाडीचे जास्तीत जास्त वजन १५५० किलो. बॉडीसकट रिकामी गाडी ९२० किलो. मिस्त्रींनी पत्र्यावर खडूने वजाबाकी केली. राहिले ६३०.

"६३० राहिले ना, मग ५०० का नको?" तरुण म्हणाला.

"तू उडत जाणार आहेस का?"

मग दोघांनी मिळून हिशेब मांडला. दोन माणसे १३० किलो. इंजिन अन् पंप ६५. नळ्या, रीळ, हत्यारे ४०. रिकाम्या टाक्या अन् त्यांची लोखंडी चौकट ३५. पेट्रोल, साबण, सटरफटर २०. बेरीज झाली २९०. सहाशेतीसातून २९० गेले, राहिले ३४०. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. म्हणजे या गाडीत ३४० लिटरवर एक थेंबही चालणार नाही. ३०० धरावे हे बरे. पाचशेची टाकी भरली असती तर गाडीवर १६० किलो जादा भार पडला असता. पाटे बसले असते, ब्रेक उशिरा लागला असता. माळशेज किंवा कसारा घाटाच्या उतारावर ब्रेक उशिरा लागणे म्हणजे काय, ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको.

तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील. पण वजाबाकी हीच करायची, आणि ती टाकी विकत घेण्याआधी करायची.

तीनशे लिटरची एकच टाकी घेण्यापेक्षा दीडशे-दीडशेच्या दोन घ्याव्यात. का? भरलेल्या टाकीत पाणी हलत नाही. अर्ध्या टाकीत मात्र ते हिंदकळते. वळणावर गाडी डावीकडे वळली की सगळे पाणी उजवीकडे धावते आणि गाडीला ओढते. डोक्यावर अर्धा हंडा घेऊन चाललेल्या बाईला हे विचारा. भरल्या हंड्यापेक्षा अर्धा हंडाच जास्त छळतो. दोन टाक्या असल्या की आधी एक पूर्ण रिकामी करायची, मग दुसरीला हात लावायचा. म्हणजे अर्धी भरलेली टाकी एकच राहते आणि तीही लहान.

टाक्या मागच्या आसाच्या किंचित पुढे, जितक्या खाली बसवता येतील तितक्या खाली बसवाव्यात. डाव्या-उजव्या बाजूचे वजन सारखे ठेवावे. अगदी मागे बसवल्या तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. टाकीची चौकट नुसत्या फळीला ठोकू नये. बोल्ट खाली चासीच्या आडव्या पट्ट्यांपर्यंत गेले पाहिजेत. दोरीने बांधलेली टाकी अचानक ब्रेक मारला की ड्रायव्हरच्या पाठीवर येते.

टाकीकडून पंपाकडे जाणारा पाइप रुंद आणि आखूड असावा. मध्ये जाळी हवीच. आपल्या विहिरींच्या पाण्यात बारीक रेती असते. ती पंपाची सिले खाऊन टाकते. पाणी संपल्यावर पंप कोरडा चालवू नये. गन बंद ठेवून इंजिन दोन मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवू नये. तेच पाणी पंपात गोल गोल फिरून तापते आणि सिले वितळतात. काम संपले की इंजिन बंद करून गन एकदा दाबावी, म्हणजे नळीत अडकलेला जोर निघून जातो. नळी ३० मीटर असली की टेम्पो रस्त्यावर उभा करून अंगणापर्यंत पोचता येते.

आता जी गोष्ट सांगणार आहोत ती दोनदा वाचा. बंद बॉडीत पेट्रोलचे इंजिन चालवू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोके दुखते, गरगरते, उलटीसारखे वाटते. माणसाला वाटते, ऊन लागले असेल, जरा आत बसावे. आत बसतो तो पुन्हा उठत नाही. म्हणून इंजिन मागच्या दारापाशी, बाहेर सरकवता येईल अशा पाटावर बसवावे. काम करताना ते बाहेर ओढावे, दोन्ही दारे उघडी ठेवावीत. पाऊस आला म्हणून दार लोटून आत इंजिन चालू ठेवणे, ही चूक पावसाळ्यात हमखास होते. पेट्रोलचा डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, बांधून ठेवलेला असावा. इंजिन गार झाल्याशिवाय त्यात पेट्रोल ओतू नये.

नळीच्या टोकाला जी तोंडे लावतात त्यांना नोझल म्हणतात. त्यांचे रंग ठरलेले असतात. लाल नोझलमधून पाणी सुईसारखे एका रेघेत निघते. पिवळे, हिरवे आणि पांढरे यांचा फवारा क्रमाने पसरट होत जातो. काळे साबणासाठी. गाडीला हिरवे किंवा पांढरे पुरे. लाल नोझल पेटीतच ठेवलेले बरे. ते टायर फाडते, रंग उडवते. हाताला लागले तर कातडीत घुसते. वरून फक्त टाचणी टोचल्यासारखे भोक दिसते, रक्तही फार येत नाही. पण पाणी, साबण आणि घाण आत खोलवर गेलेली असते. अशा वेळी हळद लावून घरी बसू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना सांगा की 'मोठ्या दाबाचे पाणी आत गेले आहे.' हे शब्द सांगितले नाहीत तर जखम किरकोळ वाटू शकते, आणि उशीर झाला तर बोट गमवावे लागते. पायात चप्पल नको, गमबूट हवेत. डोळ्यांना चष्मा हवा. पोरे फवाऱ्याशी खेळायला धावतात, त्यांना दूर ठेवा.

मातीच्या आणि कुडाच्या भिंतींवर, विजेच्या मीटरवर, जुन्या देवळाच्या चुन्याच्या दर्जांवर हे पाणी मारू नये. देवळाच्या पायऱ्यांवरचे शेवाळ मात्र फवारा दुरून धरून छान निघते.

आता पाण्याचे बोलू. हा धंदा पाण्यावर चालतो, आणि आपल्या तालुक्यात पाणी हा दुखरा विषय आहे. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. पुढे भातसा झाले. दोन्ही शहापूर तालुक्यात. मुंबईच्या पाण्यातला सगळ्यांत मोठा वाटा भातसाचा आहे. आणि त्याच शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बाया टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. अशा पाड्यावर जाऊन तुम्ही मोटारसायकलीवर फवारा मारू लागलात तर लोक काय म्हणतील? आणि त्यांचे काय चुकेल?

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो, टँकरचे पाणी आणि सार्वजनिक हातपंपाचे पाणी या कामाला घेऊ नये. स्वतःची विहीर किंवा बोअर असेल, किंवा कोणी राजीखुशीने विकत देत असेल, तरच घ्यावे. तेही उन्हाळ्यात ग्रामपंचायतीला विचारून. पावसाळ्यात तर देवच पाणी देतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. घराचे छप्पर ४० चौरस मीटर असेल आणि १० मिलिमीटर पाऊस पडला, तर ४०० लिटर! आपल्याकडे जुलैत एवढा पाऊस तासाभरात पडून जातो. पन्हळ लावा, जाळी लावा, पिंपे भरा. चिखलाचे दिवसही तेच, म्हणजे गिऱ्हाईकही तेव्हाच.

गाडी धुतल्यावर वाहणाऱ्या पाण्यात तेल आणि ग्रीस असते. ते ओढ्यात सोडले की काळू नदीत जाते आणि तिथून उल्हास नदीत. खालच्या गावांचे पाणी तेच. १९७४ सालचा पाणी प्रदूषणाचा कायदाही याला मनाई करतो. ओढ्याकाठी, विहिरीजवळ गाडी धुऊ नका. आधी इंजिनाखालचे ग्रीस चिंधीने पुसून घ्या, मग पाणी मारा.

कोंबड्यांच्या शेडचे कामही तुम्हाला मिळेल. पैसे बरे असतात, पण जपून. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावी बर्ड फ्लू आला होता, आणि आजूबाजूच्या हजारो कोंबड्या मारण्याचा हुकूम निघाला होता. असा रोग पक्ष्यांबरोबर येतो, तसा चाकांच्या आणि बुटांच्या घाणीतूनही येतो. आज या शेडवर, उद्या त्या शेडवर जाणारा धुण्याचा टेम्पो हा रोगाचा पोस्टमन होऊ शकतो. म्हणून एका शेडचे काम झाले की तिथेच आपली चाके, नळी आणि बूट जंतुनाशकाने धुऊन निघा. एका दिवसात दोन शेड घेऊ नका. आणि जिथे कोंबड्या पटापट मरत असतील तिथे फवारा मारायचाच नाही. फवाऱ्याने घाण हवेत उडते अन् ती तुमच्याच नाकात जाते. अशा ठिकाणी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे आणि परत फिरावे.

कागदपत्रांचे थोडक्यात. गाडीच्या बांधणीत बदल करायचा तर आर.टी.ओ.ची परवानगी घेऊन तो आर.सी.वर नोंदवून घ्यावा, आणि विमा कंपनीलाही कळवावे. उद्यम नोंदणी फुकट होते, दलालाला पैसे देऊ नका. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत 'शिशु' कर्ज मिळते, त्याहून जास्त ५ लाखांपर्यंत 'किशोर'. सही करण्याआधी हप्ता किती आणि किती वर्षे, ते स्वतः वाचा.

कारण हप्ता हेच खरे दुखणे आहे. समजा, एका दिवशी ३ ट्रॅक्टर मिळाले, प्रत्येकी २०० रुपये. आणि ६ मोटारसायकली, प्रत्येकी ५० रुपये. जमा झाले ९००. ट्रॅक्टरला १० मिनिटे, म्हणजे १०० लिटर पाणी. मोटारसायकलीला ३ मिनिटे, म्हणजे ३० लिटर. एकूण ४८० लिटर, म्हणजे टाक्या पुन्हा एकदा भरायला लागल्या. खर्च पाहा. टेम्पोचे डिझेल २००, इंजिनाचे पेट्रोल ११०, साबण ६०, पाणी ५०, जोडीदाराची मजुरी ३००. बेरीज ७२०. उरले १८०. महिन्याचा हप्ता ४,००० असेल आणि कामाचे दिवस २६ धरले तर रोजचे १५४ त्यात गेले. हातात राहिले २६ रुपये. दिवसभर भिजून २६ रुपये!

आता तेच गाव, तोच दिवस, पण आधी सांगून ठेवल्यामुळे ट्रॅक्टर ६ आले. जमा १,५००. डिझेल तेवढेच २००, मजुरी तेवढीच ३००. पेट्रोल १७५, साबण १००, पाणी ८०. खर्च ८५५. उरले ६४५. हप्त्याचे १५४ काढले तरी ४९१ राहिले. म्हणून गावाचा वार ठरवून टाकावा, जसा बाजाराचा वार असतो. सोमवारी हे गाव, मंगळवारी ते, आणि चार दिवस आधी दुकानाच्या फळीवर खडूने लिहून ठेवावे. त्या ४९१ मधले १०० रुपये रोज वेगळ्या डब्यात टाकावेत. पंपाची सिले आणि नळी कधीतरी जाणारच, अन् ती नेमकी दसऱ्याच्या आदल्या दिवशी जातात.