बांधावरची अक्षरओळख

शेतकरी बंधूंनो, मुलांस अक्षरें शिकविणें हें केवळ शाळेचें काम, अशी आपली जुनी समजूत आहे. महसुली दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें आमचीही तीच होती. एके दिवशीं आमचा पांच वर्षांचा नातू 'अ अननसाचा' असें मोठ्यानें म्हणत आला, तों त्याच्या मुठींत खाण्यासाठीं वेंचलेल्या एरंडाच्या बिया! अननस आमच्या केळापूर तालुक्याच्या शेतांत पाहावयास मिळत नाहीं. एरंड मात्र घराशेजारींच उभा असतो, आणि त्याचें बीं विषारी आहे. तेव्हांपासून आम्ही बांधावर अक्षरें शिकवूं लागलों.

हा मार्ग नवा नव्हे. ताराबाई मोडक यांनीं इ. स. १९४५ मध्यें हल्लींच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिलें. त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं पानें, बिया, खडे, शिंपले हींच शिक्षणाचीं साधनें केलीं.

आमची रीत अशी. आठवड्यास एकच अक्षर घ्यावें, व तें ऋतूप्रमाणें. मृगांत 'ब बियाण्याचा', कार्तिकांत 'क कापसाचा', फाल्गुनांत फुलें आलीं म्हणजे 'प पळसाचा', चैत्रांत 'म मोहाचा'. प्रथम वस्तु मुलाच्या हातीं द्यावी. त्यानें ती हुंगावी, चोळून पाहावी, तिच्यावर कोणता किडा बसतो तें सांगावें. मग अक्षर धुळींत बोटानें गिरवावें, व शेवटीं तुरीच्या दाण्यांनीं मांडावें. पळसाचीं पानें तीन-तीनच कां, असें मुलानें आपण होऊन विचारलें म्हणजे धडा पुरा झाला.

'ण' आणि 'ळ' शब्दारंभीं येत नाहींत. म्हणून 'ण' कणसांत व 'ळ' बाभळींत शोधावयास लावावा. 'ळ' तर केळापुरांतही आहे! कोलाम किंवा गोंड घरचें मूल असेल, तर झाडाचें त्याच्या भाषेंतील नांव आधीं विचारावें. तें चूक म्हणूं नये.

दोन पथ्यें मात्र कडक पाळावीं. 'ए एरंडाचा' व 'ध धोतऱ्याचा' हे धडे दुरूनच द्यावे, आणि त्यांचें फळ अथवा बीं तोंडांत घालावयाचें नाहीं, हें मुलाकडून वदवून घ्यावें. दुसरें, फवारणी झालेल्या शेतांत मुलांस नेऊं नये, व औषधाचा रिकामा डबा त्यांच्या हातीं पडूं देऊं नये. इ. स. २०१७ च्या पावसाळ्यांत आपल्याच जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व मजूर दगावले, हें कोणीं विसरूं नये.

या शिक्षणास खर्च नाहीं. सकाळची अर्धी घटका पुरे. जें मूल आपल्या बांधावरचें झाड नांवानें ओळखतें, तें उद्यां शेतही ओळखील. तरी बंधूंनीं मुलाचें बोट धरून एकदां बांधावर जावें, इतकीच आमची विनंति आहे.